विद्रावक आणि क्वांटम डॉटमधील प्रभार हस्तांतरण : प्रकल्प नोंदी, लातूर

१८ एप्रिल २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आज मार्गदर्शक सरांसमोर एका वाक्यात मांडला. कॅडमियम सेलेनाइडचा क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचा अर्धवाहक स्फटिक) प्रकाशाने उद्दीपित झाल्यावर त्यातील इलेक्ट्रॉन पृष्ठभागाजवळच्या ग्राहक रेणूकडे जातो. भोवतालचा विद्रावक बदलला, तर या जाण्याच्या वेगात किती फरक पडतो? सरांनी ‘किती’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि फरक पडतो एवढेच दाखवून भागणार नाही, असे सांगितले. प्रकाश-उत्प्रेरण असो वा सौर घट, इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे उरणारी धन प्रभाराची रिकामी जागा) पुन्हा एकत्र येण्याआधी इलेक्ट्रॉन बाहेर काढता आला तरच डॉटचा उपयोग होतो. म्हणून या वेगावर कशाची सत्ता चालते हे मोजून सांगता आले पाहिजे.

मनातील चित्र नोंदवून ठेवते. डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र असतात तोवर डॉट बाहेरून तटस्थ असतो आणि विद्रावकाला त्याची जाणीव फारशी होत नाही. म्हणूनच विद्रावक बदलला तरी शोषणाचे शिखर जेमतेम हलते. इलेक्ट्रॉन बाहेर पडला की डॉटवर धन आणि ग्राहकावर ऋण प्रभार उरतो, बाहेर विद्युतक्षेत्र उभे राहते आणि विद्रावकाच्या ध्रुवीय रेणूंना तोंड फिरवावे लागते. जोंधळ्याच्या शेतात वारा फिरला की कणसे एका दिशेला कलतात, पण त्या कलण्याला क्षणभर वेळ लागतो. रेणूंचेही तसेच आहे. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन तत्काळ प्रतिसाद देतात, तो अपवर्तनांकात दिसतो. अख्खे रेणू वळायला पिकोसेकंद लागतात, ते पराविद्युत स्थिरांकात दिसते. या दोहोंतील तफावत हीच हस्तांतरणासाठी मोजावी लागणारी किंमत आहे. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आणि १९९२ च्या नोबेल पुरस्काराने गौरवल्या गेलेल्या सिद्धांताचा गाभा मला असाच समजला आहे.

ग्राहक म्हणून पॅरा-बेंझोक्विनोन ठरला. तो लहान आहे, तटस्थ आहे आणि आमच्या यादीतील सर्व विद्रावकांत विरघळतो. यादीत टोल्यूइन, क्लोरोफॉर्म, टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायक्लोरोमिथेन आहेत. ॲसिटोनायट्राइल शेवटी घ्यायचे आहे.

२ मे २०२४

डॉट तयार झाले. कॅडमियम ऑक्साइड आणि ओलिक आम्ल ऑक्टाडेसीनमध्ये घेऊन नायट्रोजनच्या प्रवाहात तापवले. ऑक्साइडची विटकरी भुकटी नाहीशी होऊन द्रव पूर्ण नितळ होईपर्यंत थांबणे आवश्यक असते, आणि मागच्या वेळी मी नेमकी तेथेच घाई केली होती. त्यानंतर ट्रायऑक्टिलफॉस्फिनमध्ये विरघळवलेले सेलेनियम सुईने एका झटक्यात आत सोडले. गरम द्रवात अचानक टोचण्याची ही रीत मुंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये दिली. सर्व केंद्रके एकाच क्षणी जन्मतात आणि मग सारख्या गतीने वाढतात, म्हणून डॉट एकसारख्या आकाराचे निघतात.

कंडेन्सरचे पाणी नळाला जोडले नाही. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात तीन तास पाणी मोरीत सोडून देणे मला जमत नाही. प्रयोगशाळेचे परिचर मामा, त्यांनी बादलीत बर्फ टाकून मत्स्यालयाचा छोटा पंप लावून दिला आणि तेच पाणी शेवटपर्यंत फिरत राहिले. कॅडमियमयुक्त उरलेला द्रव आणि धुण्याचे विद्रावक वेगळ्या बाटलीत भरून चिठ्ठी लावली.

शोषणाचे पहिले शिखर ५३० नॅनोमीटरवर आले. आकार काढण्याच्या प्रचलित सूत्रानुसार डॉटचा व्यास सुमारे २.७ नॅनोमीटर येतो आणि शोषण गुणांक दर मोलर दर सेंटीमीटर ८१ हजारांच्या आसपास. दोनदा मेथॅनॉलने साका पाडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. तिसऱ्यांदा धुतले नाही, कारण मेथॅनॉल मुक्त ओलिक आम्लाबरोबर पृष्ठभागावर बसलेले लिगंडही (डॉटला झाकणारे रेणू, येथे ओलिक आम्लापासून बनलेले ओलेट) खरवडून नेते, आणि मग उरतो तो वेगळाच डॉट असतो.

९ मे २०२४

आजचा आलेख पाहून फार आनंद झाला. प्रत्येक विद्रावकात डॉटचे प्रमाण सारखे ठेवले आणि उद्दीपनाच्या तरंगलांबीवर शोषण ०.१ च्या खाली राहील याची काळजी घेतली. उद्दीपन ४८० नॅनोमीटरवर केले, कारण तेथे क्विनोन स्वतः जवळजवळ शोषण करत नाही; नाहीतर क्विनोननेच प्रकाश गिळला आणि प्रतिदीप्ती (उद्दीपित डॉट परत सोडतो तो प्रकाश; इलेक्ट्रॉन निघून गेला की तो विझतो) कमी झाली, असा घोटाळा होतो. क्विनोनचे प्रमाण ०.२ मिलिमोलर ठेवले.

टोल्यूइनमध्ये मूळ प्रतिदीप्तीचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. डायक्लोरोमिथेनमध्ये निम्म्याहून थोडी जास्त उरली. क्लोरोफॉर्म आणि टेट्राहायड्रोफ्युरान या दोहोंच्या मध्ये बसले. ध्रुवीयता वाढते तसतसे हस्तांतरण मंदावते, असे हा आलेख उघड म्हणतो आहे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातील पहिली आकृती हीच, असे वहीच्या समासात लिहून ठेवले.

१४ मे २०२४

आलेख पुढे न्यायचा म्हणून टोल्यूइनमधील डॉटमध्ये ॲसिटोनायट्राइल थेंबाथेंबाने मिसळले. प्रतिदीप्ती क्विनोन न घालताच घसरू लागली. क्युव्हेट (मोजमापाची पारदर्शक कुपी) खिडकीजवळ धरल्यावर कारण डोळ्यांनाच दिसले: द्रावण गढूळ झाले होते. ओलेटच्या लांब तैलीय शेपट्यांना ॲसिटोनायट्राइल मानवत नाही. डॉट एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्यांत ऊर्जा एका डॉटकडून दुसऱ्याकडे सरकते. यात प्रभार हस्तांतरणाचा काही संबंध नाही. ॲसिटोनायट्राइलसाठी लिगंड बदलावे लागतील आणि लिगंड बदलले तर तुलना एका डॉटची राहणार नाही, म्हणून ते या मालिकेतून वगळले.

२१ मे २०२४

दुपारी वीज गेली. प्रयोगशाळेतील तापमापीवर ४१ अंश होते आणि डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळते. कपाटातील बाटलीचे बूच सैल करताच आवाज झाला आणि बाष्प बाहेर आले. धोका बाजूला ठेवला तरी प्रमाणाचा प्रश्न उरतोच: क्युव्हेटमधील विद्रावक उडत असेल, तर डॉट आणि क्विनोन दोन्ही दाट होत जातात आणि जे मोजले ते अर्ध्या तासात खोटे ठरते. ९ मे चे मोजमाप सकाळी सातला, टेफ्लॉनच्या घट्ट बुचाच्या क्युव्हेटमध्ये घेतले होते, म्हणून ते ग्राह्य धरते आहे. त्यानंतर दुपारी घेतलेली डायक्लोरोमिथेनची सर्व निरीक्षणे रद्द केली. पाऊस पडेपर्यंत मोजमाप बंद ठेवून गणित करायचे ठरले.

१३ जून २०२४

तीन दिवस कागदावर गणित केले. सविस्तर लिहिते, कारण प्रकल्पाची दिशा येथे बदलते आहे.

विद्रावकाची पुनर्रचना ऊर्जा, म्हणजे रेणू वळवण्याची ती किंमत, काढताना डॉट आणि ग्राहक हे दोन गोल मानतात. डॉटची त्रिज्या १.३५ नॅनोमीटर, क्विनोनची सुमारे ०.३५, आणि क्विनोन पृष्ठभागाला टेकला आहे असे धरले तर दोन केंद्रांतील अंतर १.७ नॅनोमीटर होते. दोन्ही व्यासांचे व्यस्त मिळवून त्यातून अंतराचा व्यस्त वजा केला आणि १.४४ ने गुणले की सुमारे १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. याला विद्रावकाच्या गुणकाने गुणायचे. म्हणजे अपवर्तनांकाच्या वर्गाचा व्यस्त, वजा पराविद्युत स्थिरांकाचा व्यस्त. टोल्यूइनचा अपवर्तनांक १.४९७ आणि पराविद्युत स्थिरांक २.३८ असल्यामुळे हा गुणक अवघा ०.०२६ भरतो. क्लोरोफॉर्मचा ०.२७, टेट्राहायड्रोफ्युरानचा ०.३७, डायक्लोरोमिथेनचा ०.३८, ॲसिटोनायट्राइलचा ०.५३ आणि पाण्याचा ०.५५. म्हणजे पुनर्रचना ऊर्जा टोल्यूइनमध्ये ०.०५, डायक्लोरोमिथेनमध्ये ०.६६ आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

येथवर सगळे ९ मे च्या आलेखाशी जुळते, आणि येथेच मी थांबले असते. परंतु मुक्त ऊर्जेतील बदल (हस्तांतरणामागची चालक ऊर्जा) सर्व विद्रावकांत एकच धरून चालणार नाही, हे सरांनी लक्षात आणून दिले. विलग झालेल्या प्रभारांना ध्रुवीय विद्रावक आधार देतो. अध्रुवीय विद्रावकात तो आधार नसतो आणि त्या बदल्यात दोन प्रभारांमधील आकर्षण अधिक उपयोगी पडते. ॲसिटोनायट्राइलमध्ये मुक्त ऊर्जेतील बदल उणे १.० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे असे गृहीत धरले. टोल्यूइनमध्ये आधार हरवल्याने सुमारे १.०२ चा तोटा होतो आणि आकर्षणामुळे ०.३३ परत मिळतात, म्हणजे बदल उणे ०.३१ वर येतो. डायक्लोरोमिथेनमध्ये तो उणे ०.८५ राहतो.

मार्कस यांच्या सूत्रात मुक्त ऊर्जेतील बदल आणि पुनर्रचना ऊर्जा यांची बेरीज शून्याच्या जवळ असेल तर अडथळा नाहीसा होतो. डायक्लोरोमिथेनमध्ये ही बेरीज उणे ०.१९ येते आणि अडथळा ०.०१ च्या आसपास, म्हणजे नगण्य. टोल्यूइनमध्ये बेरीज सुमारे उणे ०.२७ येते, पण तिच्या वर्गाला भागणारी पुनर्रचना ऊर्जा इतकी लहान आहे की अडथळा ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ०.०२६ असते, त्या मानाने हा अडथळा प्रचंड आहे. या हिशेबाने टोल्यूइनमध्ये हस्तांतरण जवळपास बंद पडायला हवे, आणि प्रत्यक्षात तर टोल्यूइनमध्येच प्रतिदीप्ती सर्वांत जास्त विझते.

सूत्र आणि निरीक्षण यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. दोहोंपैकी एकात माझी चूक आहे.

१५ जून २०२४

चूक हिशेबात होती. केवळ विद्रावकाची पुनर्रचना धरली होती. क्विनोनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर त्याचे स्वतःचे बंध लांब-आखूड होतात, ती अंतर्गत पुनर्रचना वगळली होती. तिच्यासाठी ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरले तर टोल्यूइनमधील एकूण पुनर्रचना ऊर्जा ०.३५ होते, बेरीज शून्याला जाऊन भिडते आणि अडथळा उरत नाही. डायक्लोरोमिथेनमध्ये एकूण ०.९६, बेरीज अधिक ०.११, अडथळा ०.००३. दोन्हीकडे वाट मोकळी. सूत्रातील वर्गमुळाचा भाग लक्षात घेतल्यावर टोल्यूइनमधील वेग डायक्लोरोमिथेनच्या सुमारे १.८ पट येतो.

ध्रुवीयता मुक्त ऊर्जा आणि पुनर्रचना ऊर्जा या दोहोंनाही वाढवते, एक उणे दिशेने आणि दुसरी अधिक दिशेने; म्हणून दोन्ही परिणाम बव्हंशी एकमेकांना छेदतात आणि जे उरते ते दुपटीच्या आत राहते.

दोन मर्यादा नोंदवायला हव्यात. पहिली अशी की टोल्यूइनला द्विध्रुव जवळजवळ नसला तरी त्याच्या वलयाला चतुर्ध्रुव असतो आणि त्यामुळे तो प्रभारांना पराविद्युत स्थिरांक सुचवतो त्याहून अधिक आधार देतो, तेव्हा ०.०५ हा आकडा कमीच आहे. दुसरी मर्यादा डॉटच्या स्वभावाची. मार्कस यांच्या सिद्धांतात चालक ऊर्जा प्रमाणाबाहेर वाढली की वेग पुन्हा घटतो. परंतु क्वांटम डॉटमधून रेणूकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये हा उलटा भाग दिसत नाही, कारण जास्तीची ऊर्जा इलेक्ट्रॉन डॉटमध्येच राहिलेल्या होलला देऊन टाकू शकतो. तियानक्वान लियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ही ऑजे-सहाय्यित वाट दाखवली. एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला अशी सोबत नसते. म्हणजे विद्रावकाचा डॉटवरील प्रभाव मूळ सूत्र सांगते त्याहूनही सौम्य असू शकतो.

मग ९ मे च्या आलेखातील मोठा फरक आला कोठून?

४ जुलै २०२४

पाऊस चांगला झाला आहे आणि प्रयोगशाळा २८ अंशांवर आली आहे. विद्रावकांची शुद्धता तपासली. क्लोरोफॉर्म प्रकाश आणि हवेच्या संपर्कात विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड देतो, म्हणून त्यात इथेनॉल मिसळलेले असते. आमच्या जुन्या बाटलीतील क्लोरोफॉर्ममध्ये डॉटची प्रतिदीप्ती क्विनोनशिवायही दोन तासांत ढळली. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये पेरॉक्साइड आढळले. ते सेलेनाइडच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण करते, आणि साठवण्याच्या दृष्टीनेही ते धोक्याचे आहे. दोन्ही विद्रावक या मालिकेतून काढले. टोल्यूइन आणि डायक्लोरोमिथेन, एवढेच दोन उरले. चार बिंदूंच्या सुंदर रेषेपेक्षा खात्रीचे दोन बिंदू मला पुरेसे वाटतात, आणि सरांचेही मत तेच पडले.

२४ जुलै २०२४

प्रतिदीप्तीचा आयुष्यकाल मोजण्यासाठी नमुने घेऊन पुण्याला गेले होते. रात्रीच्या प्रवासात डायक्लोरोमिथेनच्या कुप्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या होत्या. निकाल वाचताना प्रथम वाटले की यंत्रावर नमुना चुकीचा लागला असावा: क्विनोन घातल्यावर प्रतिदीप्तीची तीव्रता पाचव्या हिश्शावर आली, परंतु उरलेल्या प्रतिदीप्तीचा आयुष्यकाल जवळजवळ तोच राहिला, सुमारे २० नॅनोसेकंद. डायक्लोरोमिथेनमध्येही तसेच.

दोनदा मोजून खात्री केली आणि परतीच्या गाडीत अर्थ लागला. क्विनोन द्रावणात फिरत येऊन डॉटला धडकत असता, तर सर्व डॉटचे आयुष्य थोडे थोडे घटले असते. ०.२ मिलिमोलर प्रमाणात २० नॅनोसेकंदांत अशा धडकेने होणारा परिणाम चार टक्क्यांच्या आसपास भरतो. तेवढ्याने पाचवा हिस्सा उरणार नाही. म्हणजे ज्या डॉटवर क्विनोन आधीच बसला आहे तो डॉट यंत्राला दिसण्यापूर्वीच काळोखतो, आणि ज्याच्यावर बसलेला नाही तो पूर्ण तेजाने जगतो. आमची तीव्रता हस्तांतरणाचा वेग मोजतच नव्हती. किती डॉट रिकामे आहेत, एवढेच ती मोजत होती.

क्विनोन डॉटवर योगायोगाने बसतात असे मानले, तर रिकाम्या डॉटचे प्रमाण पॉयसां वितरणावरून काढता येते. पाचवा हिस्सा उरला म्हणजे दर डॉटमागे सरासरी १.६ क्विनोन, ५५ टक्के उरले म्हणजे सरासरी ०.६. डायक्लोरोमिथेन क्विनोनला द्रावणातच चांगले धरून ठेवते, म्हणून तो ओलेटच्या थरातून पृष्ठभागापर्यंत कमी संख्येने पोहोचतो. विद्रावकाचा प्रभाव खरा होता. पण तो इलेक्ट्रॉनच्या उडीवर नसून उडीसाठी शेजारी कोण येऊन बसतो यावर होता.

समासातील ९ मे ची टीप खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख घातली.

८ ऑगस्ट २०२४

नवा आराखडा ठरला. दोन्ही विद्रावकांत दर डॉटमागे क्विनोनची सरासरी सारखी करायची आणि मगच वेगाची तुलना करायची. डायक्लोरोमिथेनमध्ये क्विनोन वाढवण्याऐवजी टोल्यूइनमध्ये तो कमी केला, कारण एका डॉटवर दोन-तीन ग्राहक असले की वेग त्या पटीत वाढतो आणि एका उडीचा वेग झाकला जातो. सरासरी ०.६ असताना ५५ टक्के डॉट रिकामे, ३३ टक्के एका क्विनोनचे आणि उरलेले १२ टक्के त्याहून अधिक क्विनोनचे असतात. टोल्यूइनमध्ये त्यासाठी ०.०७५ मिलिमोलर लागेल असा अंदाज होता. प्रत्यक्ष जुळवणीत त्याच्या अगदी जवळ प्रमाण सापडले. तीव्रतेची तुलना करताना अपवर्तनांकाच्या वर्गाची दुरुस्ती घातली. ती सुमारे दहा टक्क्यांची असते आणि मे महिन्यात मी ती विसरले होते. प्रत्येक विद्रावकाची तुलना त्याच विद्रावकातील क्विनोनविरहित नमुन्याशी केली असल्यामुळे तेवढ्यापुरते निभावले.

१८ सप्टेंबर २०२४

काल मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. आज पुण्याहून अतिजलद शोषण मापनाची निरीक्षणे हाती आली. डॉटच्या वहन पट्ट्यातील (उद्दीपित इलेक्ट्रॉन जेथे राहतो त्या पातळ्यांतील) सर्वांत खालची पातळी इलेक्ट्रॉनने भरली की ५३० नॅनोमीटरवरील शोषण तात्पुरते घटते, आणि इलेक्ट्रॉन निघून गेला की ते भरून येते. होलचा यात वाटा अल्प असतो, म्हणून ही भरपाई म्हणजे थेट इलेक्ट्रॉनच्या जाण्याचा वेग.

दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवले. दोन्हींत भरपाईचा जलद भाग आकाराने जवळजवळ सारखा आहे. क्विनोनची सरासरी जुळली आहे याचा हा स्वतंत्र पुरावा असल्यामुळे वेगापेक्षाही मी तो आधी तपासला. वेगाचा फरक त्यानंतर पाहिला: टोल्यूइनमधील उडी डायक्लोरोमिथेनपेक्षा सुमारे दीडपट जलद आहे. हिशेबाने १.८ सांगितले होते. चालक ऊर्जा आणि अंतर्गत पुनर्रचना ही दोन्ही माझी गृहीतके असल्यामुळे आकड्यांच्या या जवळिकीवर मी भर देणार नाही. फरक दुपटीच्या आत आहे आणि त्याची दिशा हिशेबाशी जुळते, एवढेच प्रकरणात लिहीन.

सरांच्या १८ एप्रिलच्या रेघेखाली ‘दीडपट, सारख्या ग्राहकसंख्येला’ असे लिहिले. तिसऱ्या प्रकरणातून ९ मे चा आलेख काढला. तो आता दुसऱ्या प्रकरणात, पृष्ठशोषणाच्या विभागात, डॉटमागे क्विनोनची सरासरी असा उभा अक्ष देऊन घातला आहे. कुप्यांतील उरलेले डॉट मामांनी कॅडमियमच्या बाटलीत रिकामे केले.